गरजवंताची संमति

आपल्याकडील जुन्या खतपत्रांत एक ठराविक वाक्य असे. लिहून देणारा मनुष्य, आपण हा कागद राजीखुशीनें व अक्कलहुशारीनें लिहून देत आहों, असें त्यांत नमूद करी. सावकाराच्या ओसरीवर बसून ज्यानें वडिलोपार्जित जमीन गहाण टाकली, त्याच्याही कागदांत हे दोन शब्द चुकलेले नसत. त्याच समाजानें, त्याच भाषेंत, दुसरीही एक गोष्ट सांगून ठेविली आहे: गरजवंताला अक्कल नसते. कागद म्हणतो, याला अक्कल होती. म्हण विचारते, गरज होती तेथें अक्कल कोठून असणार? या दोहोंपैकीं खरें कोणतें मानावयाचें, हा प्रश्न दिसावयास शब्दांचा आहे. परंतु माणसामाणसांतील न्यायाचा एक मोठा भाग त्याच्या उत्तरावर अवलंबून आहे.

मजुरी, कामाचे तास, जादा कामाचा मोबदला आणि नोकरींतील पक्षपात यांविषयींचे जे कायदे गेल्या सुमारें दीडशें वर्षांत आपल्या देशांत झाले, त्या सर्वांच्या मुळाशीं हाच प्रश्न आहे. दोन जाणतीं माणसें, कोणी कोणावर काठी न उगारतां, अमुक कामास अमुक दाम असा ठराव करतात. मग तिसऱ्यानें, म्हणजे सरकारनें, मध्यें येऊन ‘हा दाम कमी आहे, हे तास अधिक आहेत, हा ठराव चालावयाचा नाहीं’ असें म्हणण्याचा अधिकार कोणत्या नीतिशास्त्रानें दिला? सुशिक्षित मनुष्यास हा आक्षेप सहज झिडकारतां येत नाहीं. ज्यास स्वातंत्र्याची चाड आहे, त्यास तर तो अधिकच टोंचतो. म्हणून या प्रश्नाचा विचार नुसत्या कळवळ्यानें न करतां थोडा नेटानें करावा, असें वाटतें.

विचार हवेंत राहूं नये म्हणून एक गांव डोळ्यांपुढें धरूं. पुणें जिल्ह्यांतील ज्या वेल्हे तालुक्यास आतां राजगडाचें नांव देण्यांत आलें आहे, त्यांत पाली म्हणून एक लहानसें गांव आहे. शिवाजी महाराजांची पहिली राजधानी जो राजगड, त्याच्या पायथ्याचें हें गांव. गडाच्या एका दरवाजास पाली दरवाजा हेंच नांव आहे, आणि त्या वाटेच्या रुंद पायऱ्या चढून हौशी लोक सुटीच्या दिवशीं गडावर जातात. राजगड व त्याच्या आसपासचा मुलूख १९४८ पर्यंत भोर संस्थानांत होता. डोंगर, दऱ्या, भरपूर पाऊस आणि भाताचीं खाचरें, असा हा मावळचा प्रदेश आहे.

अशा मुलखांत श्रमाचे तीन प्रकार लोकांच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या ओळखीचे आहेत, आणि भाषेनें त्यांस तीन वेगळीं नांवें दिलीं आहेत. पहिला प्रकार सावड. आज माझ्या खाचरांत तुम्ही लावणीस या, उद्यां मी तुमच्या खाचरांत येतों. हिशेब दिवसास दिवस आणि हातास हात. येथें दाम नाहीं, पण देणें आहे, आणि तें फेडल्यावांचून गांवांत तोंड दाखवितां येत नाहीं. दुसरा प्रकार वेठ. वरिष्ठाचा निरोप आला कीं डोकीवर ओझें घेऊन निघावयाचें. कधीं, किती वेळ, कशासाठीं, हें विचारावयाचें नाहीं. किल्ल्यांच्या घेऱ्यांतील गांवांवर लांकूडफांटा, गवत व ओझीं वाहण्याची वेठ असे. मराठेशाहींतील कागदांत कोणास वेठबेगार माफ केल्याचे उल्लेख येतात. जिची माफी ही कृपा समजली जाई, ती वेठ किती जड असेल हें निराळें सांगावयास नको. तिसरा प्रकार मजुरी, म्हणजे ठरलेल्या कामास ठरलेला दाम.

सावड बरोबरीच्यांची असते, वेठ वरच्या-खालच्यांची असते. मजुरीची गोष्ट मात्र अशी एका शब्दांत सांगतां येत नाहीं. ती कधीं सावडीकडे झुकते, कधीं वेठीकडे. ‘मजुरी’ या नांवांत न्यायही नाहीं आणि अन्यायही नाहीं. ती कोणत्या बाजूस झुकली आहे हें ओळखावयाचें कसें, हा खरा प्रश्न आहे. माझ्या मतें त्याची कसोटी एकच: काम करणाऱ्यास ‘नाहीं’ म्हणतां येत होतें काय, आणि तें म्हटल्यावर त्या संध्याकाळीं त्याच्या घरची चूल पेटली असती काय?

येथें कोणी म्हणेल, गरज कोणास नाहीं? रोगी गरजेपोटींच वैद्याकडे जातो. प्राध्यापकही घर चालावें म्हणूनच नोकरी धरतो. गरज असली म्हणजे संमति खोटी, असें म्हटलें तर जगांतील सारेच करार खोटे ठरतील. आक्षेप बरोबर आहे. परंतु गरजेगरजेंत फरक असतो, आणि तो थांबण्याच्या सामर्थ्याचा असतो. धन्यास माणूस हवा असतो. मजुरास आजची भाकरी हवी असते. माणूस आज न मिळाला तर धनी उद्यां दुसरा पाहील. भाकरी मात्र उद्यांवर ढकलतां येत नाहीं. ॲडम स्मिथ हा कांहीं मजुरांचा पुढारी नव्हता. तथापि १७७६ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथांत त्यानें हें स्वच्छ सांगितलें आहे कीं, तंटा लागला तर धनी साठवलेल्या पुंजीवर वर्ष-दोन वर्षें तग धरूं शकतो, आणि मजुरांपैकीं पुष्कळांस एक आठवडाही निघत नाहीं. ज्या सौद्यांत एकाजवळ वर्ष आहे व दुसऱ्याजवळ आठवडाही नाहीं, त्या सौद्यांतील दोन संमतींचें वजन सारखें कसें मानावयाचें?

दुसरी गोष्ट याहून सूक्ष्म आहे. गरजवंत मनुष्य एकटा नसतो. त्याच्या मागें त्याच्यासारख्यांची रांग असते. समजा, दहा तासांऐवजीं नऊच तास काम करावें अशी शंभर मजुरांपैकीं शंभरांचीही इच्छा आहे. तरीही जो एकटा नऊ तासांनंतर उठेल, त्याची जागा जाईल. म्हणजे प्रत्येकाची खरी इच्छा एक, आणि प्रत्येकाची संमति तिच्या उलट. व्यक्तिस्वातंत्र्याचा कैवारी म्हणून ज्याची ख्याति आहे त्या जॉन स्टुअर्ट मिल्लनेंच आपल्या अर्थशास्त्रावरील ग्रंथांत हा दाखला दिला आहे, आणि अशा ठिकाणीं कायदा लोकांची इच्छा मोडीत नसून ती पार पाडण्याचें एकमेव साधन होतो, असा युक्तिवाद मांडला आहे. स्वातंत्र्याच्या नांवानें मजूर-कायद्यास विरोध करणाऱ्यांनीं निदान स्वातंत्र्याच्या या भाष्यकाराचें म्हणणें विसरूं नये.

आपल्या देशांतील इतिहास याची साक्ष देतो. १८८१ चा पहिला कारखाना-कायदा केवळ मुलांपुरता होता: सात वर्षांखालील मुलास कामास लावूं नये, आणि बारा वर्षांपर्यंतच्या मुलाकडून दिवसास नऊ तासांहून अधिक काम घेऊं नये. १८९१ च्या कायद्यानें स्त्रियांच्या कामास अकरा तासांची मर्यादा घातली. प्रौढ पुरुष मात्र आपला करार आपण करण्यास समर्थ आहे, अशी सरकारची समजूत होती. त्याच्या तासांस मर्यादा नव्हती. या समर्थ पुरुषांची स्थिति काय होती, तें नारायण मेघाजी लोखंडे यांनीं सांगितलें. सप्टेंबर १८८४ मध्यें परळ येथें मुंबईच्या गिरणी-कामगारांच्या सभा भरवून त्यांनीं ज्या मागण्या मांडल्या, त्या आज वाचतांना त्यांच्या साधेपणाचेंच नवल वाटतें. आठवड्यास एक रविवार सुटी, दुपारीं अर्धा तास विसावा, सकाळीं साडेसहापासून सूर्यास्तापर्यंतच काम, पगार पुढील महिन्याच्या पंधरा तारखेच्या आंत, आणि काम करतांना जायबंदी झालेल्यास कांहीं आधार. सुमारें ५,५०० कामगारांनीं त्या अर्जास आपली संमति दिली होती.

वाचकांनीं येथें क्षणभर थांबावें. हेच कामगार दररोज सूर्यास्तानंतरही कामावर राहत होते, म्हणजे तेंही त्यांच्या ‘संमती’नेंच चाललें होतें. एकाच मनुष्याच्या या दोन संमतींपैकीं अक्कलहुशारीची कोणती? गिरणीच्या फाटकांत एकट्यानें दिलेली, कीं परळच्या मैदानांत हजारोंच्या बरोबर दिलेली? रविवारची सुटी मिळण्यास १० जून १८९० उजाडावा लागला. पुढें १९११ सालीं कापडगिरण्यांतील पुरुषांस बारा तासांची मर्यादा मिळाली. १९२२ सालीं ती दिवसास अकरा व आठवड्यास साठ तासांवर, १९३४ सालीं दहा व चोपन्न तासांवर, आणि १९४६ सालीं नऊ व अठ्ठेचाळीस तासांवर आली. १९४८ च्या कारखाना-कायद्यानें जादा तासांस दुप्पट दर कायम केला, आणि त्याच वर्षीं किमान वेतनाचा कायदा झाला. जो समर्थ पुरुष आपला करार आपण करणार होता, त्यास सूर्यास्तास घरीं जातां यावें म्हणून साठ-पासष्ट वर्षें कायदे करावे लागले.

आमच्या राज्यघटनेनें १९५० सालीं अनुच्छेद २३ अन्वयें वेठबेगार व सक्तीचा इतर श्रम निषिद्ध ठरविला. परंतु सक्ति म्हणजे काय? केवळ सोटा आणि साखळी? १९८२ सालीं आशियाई क्रीडास्पर्धांच्या बांधकामावरील मजुरांचें प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढें आलें, तेव्हां न्यायमूर्ति भगवती यांनीं या प्रश्नास थेट हात घातला. जो मनुष्य किमान वेतनाहून कमी दामांत राबतो, तो हौसेनें राबत नाहीं. भूक व दारिद्र्य यांच्या दडपणाखालीं राबतो, आणि हें दडपणही सक्तीच होय, असा त्या निकालाचा आशय आहे. म्हणजे पालीच्या डोंगरांत जुन्या काळीं ज्यास वेठ म्हणत, तिचाच एक वंशज कमी मजुरीच्या रूपानें आजही हयात असूं शकतो, हें देशाच्या सर्वांत मोठ्या न्यायपीठानें मान्य केलें. आमच्या म्हणीस जें शतकानुशतकें ठाऊक होतें, तें कायद्यास समजण्यास इतका काळ लागला.

जादा कामाच्या दुप्पट मोबदल्याविषयीं पुष्कळांचा एक गैरसमज आहे. तो दर म्हणजे अधिक काम करणाऱ्यास बक्षीस, असें त्यांस वाटतें. वस्तुतः तें कुंपण आहे. दिवसाच्या पहिल्या आठ-नऊ तासांत मनुष्य आपली शक्ति विकतो. त्यापुढें तो आपलें घर विकूं लागतो. मुलास गोष्ट सांगण्याची वेळ, म्हाताऱ्या आईजवळ बसण्याची वेळ, निजण्याची वेळ, या सर्व त्या तासांत असतात. त्या तासाचा दाम पहिल्या तासाइतकाच ठेवला तर धन्यास दुसरा मनुष्य नेमण्यापेक्षां त्याच मनुष्यास पिळणें स्वस्त पडतें. दाम दुप्पट केला म्हणजे धनी विचारतो, हा तास खरोखरच हवा आहे काय? २०२० च्या साथींत गुजरात सरकारनें कारखान्यांस तासांच्या मर्यादेंतून व दुप्पट दरांतून सूट दिली होती. त्याच वर्षींच्या १ ऑक्टोबरास सर्वोच्च न्यायालयानें ती सूट रद्द केली. संकट मोठें असलें तरी त्याचा भार सर्वांत दुबळ्या खांद्यांवर टाकण्याचा परवाना त्यांतून मिळत नाहीं, हा त्या निकालाचा नैतिक अर्थ होय.

या संबंधांत आपल्या राज्यांतील एक ताजी गोष्ट विचारांत घेण्यासारखी आहे. सप्टेंबर २०२५ मध्यें महाराष्ट्र मंत्रिमंडळानें कारखान्यांतील दिवसाच्या कामाची मर्यादा नऊ तासांवरून बारा तासांपर्यंत वाढविण्यास, आणि तिमाहींतील जादा कामाची मर्यादा ११५ तासांवरून १४४ तासांवर नेण्यास संमति दिली. आठवड्याची अठ्ठेचाळीस तासांची मर्यादा व दुप्पट दर कायम असून, कामगाराची लेखी संमति आवश्यक धरली आहे. उद्योगधंद्यांची सोय हा विषय उपेक्षणीय आहे, असें मी म्हणत नाहीं. परंतु ‘लेखी संमति’ हे शब्द वाचतांच राजीखुशीचा तो जुना कागद डोळ्यांपुढें येतो. मूळ पगार पोटास पुरणारा असेल, आणि सही न करणाऱ्यास दुसऱ्या दिवशीं फाटकांतून परत जावें लागत नसेल, तर ती संमति खरी. या दोहोंपैकीं एकही अट नसेल, तर ती सही गरजेची होय. हात मात्र कामगाराचा. कामगारच जादा काम मागतात, असें आपण पुष्कळदां ऐकतों. ते मागतात, हें खरेंच आहे. पण जेथें जादा कामाची हौस फार दिसते, तेथें मूळ पगार किती आहे हें आधीं पाहावें.

आतांपर्यंत ज्यास विचारलें जातें, पण ज्यास ‘नाहीं’ म्हणतां येत नाहीं, त्याचा विचार झाला. पक्षपाताचा अन्याय याहून खोल असतो, कारण तेथें मनुष्यास विचारलेंच जात नाहीं. त्याच्या जन्मानें उत्तर अगोदरच देऊन ठेविलेलें असतें. महार वतनाचें उदाहरण घ्या. १८७४ च्या वतन-कायद्याखालीं महारांकडून गांवाचें व सरकारचें जें काम घेतलें जाई, त्यास तास नव्हते, ठराविक रोख पगार नव्हता, आणि तें सोडून देण्याची सोय नव्हती. नेमलेला मनुष्य घरीं नसेल तर त्याच्या घरांतील दुसऱ्यानें जावें, असा शिरस्ता. १९२८ सालीं डॉ. आंबेडकर यांनीं मुंबई कायदेमंडळांत या वतनाच्या सुधारणेचें विधेयक आणलें, तेव्हां त्यांच्या म्हणण्याचा गाभा हाच होता. कमी मजुरी, अमर्याद तास आणि जन्मावरून नेमणूक हे तिन्ही अन्याय तेथें एकत्र नांदत होते, आणि त्यास नांव मात्र ‘वतन’ असें मानाचें होतें. तें वतन कायद्यानें नाहींसें करण्यास १९५८ साल उजाडलें.

गांव सोडून शहरांत गेल्यानें ही गांठ सुटली, असेंही झालें नाहीं. मुंबईच्या गिरण्यांतील विणकाम-खात्यांत पगार अधिक असे. परंतु धोट्यांतील सूत तोंडानें ओढावें लागतें, या सबबीवर अस्पृश्य कामगारांस तेथें शिरूं देत नसत. ही बंदी सहकामगारांच्या विटाळाच्या कल्पनेवर उभी होती. १९२८ च्या मोठ्या संपाच्या वेळीं आंबेडकरांनीं हा प्रश्न पुढें आणला. येथें एक कडू धडा आहे. धन्याविरुद्ध न्याय मागणाराही आपल्या शेजाऱ्यास न्याय नाकारूं शकतो. संख्येनें मोठ्या समूहाची संमतिही, ज्याला तो समूह आपल्यांत घेत नाहीं, त्याच्या दृष्टीनें सक्तीच असते.

स्त्रियांच्या बाबतींत हा पक्षपात अधिक सौम्य वेषांत येतो. भाताच्या खाचरांत चिखलणी पुरुषांची, लावणी बायकांची, अशी वांटणी असते. दिवसभर पावसांत, घोटाभर चिखलांत, कमरेंत वांकून एकेक रोप लावण्याचें काम हलकें आहे, असें तें न करणारेच म्हणूं शकतात. तरीही पुष्कळ ठिकाणीं बाईचा रोज बाप्याच्या रोजाहून कमी असतो, आणि ‘ही रीतच आहे’ एवढेंच त्याचें समर्थन असतें. १९७६ च्या समान वेतनाच्या कायद्यानें सारख्या स्वरूपाच्या कामास सारखा दाम हें तत्त्व ठरविलें. १९८७ सालीं मॅकिनन मॅकेंझी कंपनीच्या प्रकरणांत स्त्री-लघुलेखकांस पुरुषांहून कमी पगार देण्याच्या समर्थनार्थ, संघटनेशीं तसा करार झाला आहे, असें पुढें करण्यांत आलें. सर्वोच्च न्यायालयानें तें मानलें नाहीं. करारानें अन्याय न्याय्य होत नाहीं, हा त्याचा अर्थ. पुढें २०१६ सालीं पंजाबांतील हंगामी नोकरांच्या प्रकरणांत न्यायालयानें याहून स्पष्ट सांगितलें कीं, कमी पगार पत्करणारा तो स्वेच्छेनें पत्करीत नाहीं. स्वाभिमान व प्रतिष्ठा यांची किंमत मोजून तो आपल्या कुटुंबाच्या पोटाची सोय पाहतो. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलांत आलेल्या कामगार-संहितांत हे जुने कायदे सामावले गेले असून, किमान वेतन, जादा कामाचा दुप्पट दर आणि स्त्री-पुरुषांस समान दाम हीं तत्त्वें त्यांत ठेविलीं आहेत. तत्त्वें पुस्तकांत आहेत. तीं खाचराच्या बांधापर्यंत कितपत पोंचतात, हा प्रश्न राहतोच.

आतां दुसरी बाजू प्रामाणिकपणें पाहिली पाहिजे. पालीसारख्या गांवांत मजूर लावणारा शेतकरी हा गिरणीमालक नव्हे. त्याचीं दोन-तीन खाचरें, त्यांवर पावसाचा लहरीपणा, आणि भाताचा भाव शहरांतील व्यापाऱ्याच्या हातीं. त्यानें कायद्याप्रमाणें मजुरी दिली तर त्याच्या स्वतःच्या वांट्यास मजुरीइतकेंही उरत नाहीं. सर्वोच्च न्यायालयानें १९५७ सालीं क्राउन ॲल्युमिनियमच्या प्रकरणांत, जो धंदा किमान वेतन देऊं शकत नाहीं त्यास चालण्याचा हक्क नाहीं, असें म्हटलें आहे. कारखान्यास हें ठीक. पण ज्याची जमीन हाच संसार, त्यास ‘तुझा धंदा बंद कर’ असें सांगणें म्हणजे एका गरजवंतास सोडवितांना दुसऱ्यास बुडविणें. यावर माझें उत्तर असें कीं, मजुरी कमी ठेवल्यानें हें दारिद्र्य नाहींसें होत नाहीं. तें एका घरांतून त्याहून गरीब घरांत ढकललें जातें. मजूर बाई आपल्या उपासानें त्या तांदळाची किंमत कमी करते, आणि त्या सवलतीचा लाभ पुण्यांत ताटावर बसून भात खाणाऱ्या आपल्यासारख्यांस मिळतो. म्हणून येथें देणें शेतकऱ्याच्या एकट्याच्या माथीं मारणें योग्य नव्हे; तें खाणाऱ्यांचेंही आहे, म्हणजे समाजाचें आहे.

समाजानें हें देणें कसें फेडावें, याचा एक मार्ग महाराष्ट्रानेंच दाखविला आहे. वि. स. पागे यांच्या कल्पनेंतून १९६५ सालीं सांगली जिल्ह्याच्या तासगांव तालुक्यांत जो प्रयोग झाला, त्यांतून रोजगार हमीची योजना निघाली. १९७२ च्या दुष्काळांत तिच्या धर्तीच्या कामांनीं लाखो लोकांस जगविलें, आणि १९७७ सालीं तिचा कायदा झाला. खड्डे खणणें व बांध घालणें हें तिचें बाह्य रूप झालें. नैतिक दृष्ट्या तिचें महत्त्व निराळें आहे. सरकारी कामावर अमुक दाम मिळतो, हें ठाऊक असलेली बाई जमीनदारास ‘इतक्या कमी रोजावर येत नाहीं’ असें म्हणूं शकते. तिच्या पदरीं ‘नाहीं’ हा शब्द आला म्हणजे तिच्या ‘होय’ला पहिल्यानें अर्थ येतो.

१९६९ च्या माथाडी कायद्याची कथाही याच जातीची आहे. डोकीवर ओझें वाहणाऱ्या माणसास धनी कोण हेंच ठरत नसे. आज एका व्यापाऱ्याचें पोतें, उद्यां दुसऱ्याचें. अण्णासाहेब पाटील यांच्या चळवळीनंतर झालेल्या या कायद्यानें व्यापारी व हमाल या दोघांची नोंद मंडळांत केली, आणि मजुरी व तिच्यावरील कल्याणाची रक्कम त्या मंडळाच्या हातून देण्याची व्यवस्था केली. गडाच्या वाटेवर वेठीचें ओझें जेथें टेकत असे, तेथेंच बाजारांतील पोतें टेकतें. माथा तोच आहे. फरक एवढाच कीं, या माथ्याखालच्या माणसाचें नांव आतां वहींत आहे, आणि त्यास विचारण्याचा हक्क आहे.

शेवटीं हा विचार आपल्या उंबऱ्याच्या आंत आणल्यावांचून पुरा होणार नाहीं. या मासिकाचे वाचक बहुधा गिरणीमालक नसतील, परंतु धुणींभांडीं व स्वयंपाक यांसाठीं दुसऱ्याचे हात लावणारे पुष्कळ असतील. महाराष्ट्रांत २००८ सालीं घरेलू कामगारांसाठीं कल्याण-मंडळाचा कायदा झाला. तथापि आपल्या घरांत काम करणाऱ्या बाईचे तास कोणत्या वहींत लिहिलेले असतात? दिवाळींत पाहुणे आले, भांडीं दुप्पट झालीं, तरी त्या दिवसाचा दाम तोच. तिनें कुरकुर केली तर आपण दुखावतों, आणि म्हणतों, ‘अहो, आम्ही तिला घरच्यासारखी वागवतों.’ हा ‘घरच्यासारखी’ शब्द फार तपासून पाहण्यासारखा आहे. आपण सावडीची भाषा बोलतों, पण सावडीचें देणें देत नाहीं. ती आपल्या घरीं कार्य असतां रात्री उशिरापर्यंत राबते. तिच्या मुलीच्या लग्नांत आपल्या घरचें कोणी तिचीं भांडीं घांसावयास जातें काय? जात नसेल, तर तें नातें सावडीचें नव्हे. मग तें निदान मजुरीचें तरी पुरतें असावें: ठरलेले तास, ठरलेला दाम, जादा कामास जादा मोबदला, आजारपणाची व सणाची सुटी. हेंही नसेल, तर जें उरतें त्यास आपल्या भाषेंत एकच शब्द आहे, आणि तो गोड नाहीं.

कायदा सर्व कांहीं करूं शकत नाहीं. तो तळ बांधून देतो, म्हणजे त्याखालीं कोणी पडूं नये. त्या तळावर उभें राहून माणसानें माणसाशीं कसें वागावें, हें ज्याचें त्यानें ठरवावयाचें असतें. परंतु तो तळ म्हणजे धन्याच्या दयेची कमतरता भरून काढणारी ठिगळ आहे, असें समजणें चूक होय. दया कितीही असली तरी ती देणाऱ्याच्या मर्जीवर असते, आणि जें दुसऱ्याच्या मर्जीवर आहे त्यास हक्क म्हणत नाहींत. चांगल्या धन्यालाही कायद्याचा उपयोग आहे. शेजारचा धनी माणसें पिळून स्वस्त माल विकूं लागला, तर चांगल्या धन्याचा चांगुलपणा फार दिवस टिकत नाहीं.

म्हणून कोणाशीं कामाचा ठराव करतांना, समोरचा मनुष्य ‘होय’ म्हणाला कीं नाहीं, एवढेंच पाहून थांबूं नये. त्यास ‘नाहीं’ म्हणण्यास जागा होती काय, हें पाहावें. आणि नसेल तर ती जागा आपण करून द्यावी. त्यासाठीं आपल्याला थोडे अधिक पैसे मोजावे लागतील, भांडीं कधीं कधीं स्वतः घांसावीं लागतील, आणि तांदूळ कांहींसा महाग पडेल. एवढें सोसण्याची तयारी नसेल, तर निदान त्या गरजवंताच्या संमतीस राजीखुशी म्हणण्याचें आपण सोडावें.